‘गो’ अडलं की आधी मराठी वाक्य तपासा

‘यस्टरडे आय हॅड गॉन टू म्हापसा.’ ‘आय हॅव गॉन टू मुंबई मेनी टाइम्स.’ ‘ही डिड नॉट वेंट.’ ‘लेट्स गो टू होम.’ आणि ‘आय एम कमिंग’ असं म्हणत दाराबाहेर पडणारा वेटर.

ही वाक्यं चुकतात, कोणीतरी सुधारून देतं, आठ-दहा दिवस बरोबर येतात आणि मग जशीच्या तशी परत चुकतात. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी या वाटेने गोव्यातल्या कित्येक पिढ्या आल्या. त्यातले बरेच जण आज हॉटेलांत, बँकांत, जहाजांवर इंग्रजीतूनच काम करतात आणि तरीही ‘गो’पाशी अडखळतात. मोठमोठे शब्द सहज तोंडात येतात, आणि पहिल्या धड्यातलं दोन अक्षरी क्रियापद दगा देतं.

यावर लोक शब्दकोश उघडतात. त्याचा उपयोग होत नाही. ‘गो’खाली अर्थांची एवढी लांब रांग असते की वाचणारा तिसऱ्या अर्थापाशीच दमतो. शिवाय रोग वेगळाच आहे. ‘गो’ म्हणजे जाणे, हे सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो डोक्यातल्या मराठी वाक्यामुळे. आपल्या वाक्यात ‘होतो’, ‘आलो’, ‘येतो’ असे छोटे शब्द बरीच माहिती वाहून नेत असतात, आणि ती आपल्याला दिसत नाही कारण भाषा आपलीच आहे. म्हणून खालच्या प्रत्येक तक्रारीत तपासणी मराठी वाक्याची करायची आहे. ते नीट उलगडलं की इंग्रजी वाक्य फार त्रास देत नाही.

गेलाय, जाऊन आलाय, गेला होता

सगळ्यात हट्टी बिघाड इथला, म्हणून इथे जरा थांबू.

घरी फोन वाजतो. ‘बाबा आहेत का?’ ‘नाहीत, पणजीला गेलेत.’ इंग्रजीत: ‘ही हॅज गॉन टू पणजी.’ बाबा घरात नाहीत, वाटेत असतील किंवा पणजीत असतील. संध्याकाळी तेच बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेत आणि शेजारी विचारतात, ‘आज पणजीचं काम झालं?’ ‘हो, जाऊन आले.’ इंग्रजीत: ‘ही हॅज बीन टू पणजी.’ माणूस परत आला की ‘गॉन’ सोडायचं आणि ‘बीन’ घ्यायचं.

मग मराठी वाक्याला विचारायचा प्रश्न हा: इथे ‘जाऊन आलो’ बसेल का? बसलं तर ‘बीन’. न बसलं, म्हणजे माणूस अजून तिकडेच असला, तर ‘गॉन’. वाक्यात ‘जाऊन आलो’ लिहिलेलंच असायला हवं असं नाही, फक्त बसवून बघायचं. कारण मराठी इथे थोडी लबाडी करते. ‘तू कधी मुंबईला गेलायस?’ असं आपण समोर बसलेल्याला विचारतो. शब्द ‘गेलायस’, पण तो तर आपल्यासमोर आहे! ‘जाऊन आलायस?’ हे सहज बसतं, म्हणून ‘हॅव यू एव्हर बीन टू मुंबई?’ नोकरीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न आहे हा, आणि हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘येस, आय हॅव गॉन.’ खरं तर ‘आय हॅव गॉन’ हे वाक्य समोरासमोर म्हणायला जागाच नसते, कारण बोलणारा गेलेला असेल तर बोलतोय कोण? ते शोभतं टेबलावर ठेवलेल्या चिठ्ठीत. ‘मी बाजारात गेलेय, किल्ली शेजारी आहे.’ वाचणारा वाचेल तेव्हा लिहिणारी घरात नसेल, म्हणून तिथे ‘आय हॅव गॉन टू द मार्केट’ अगदी बरोबर.

आता ‘बीन’ हा तर ‘असणे’च्या घरातला शब्द, तो ‘जाणे’च्या घरात कसा शिरला? यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पोर्तुगीज शिकलेल्या एखाद्या जुन्या गोंयकाराला विचारा: ‘फुई’ म्हणजे ‘मी गेलो’, आणि ‘फुई’ म्हणजेच ‘मी होतो’. आणि आपण? आपण ‘गेलो होतो’ म्हणतो, म्हणजे ‘गेलो’च्या शेपटीला ‘होतो’ बांधतो. जाणे आणि असणे यांची सोयरीक तिन्ही भाषांत आहे, फक्त लग्न वेगवेगळ्या ठिकाणी लागलंय.

आणि नेमकं तेच ‘गेलो होतो’ पुढचा घोटाळा करतं. ‘काल म्हापशाला गेलो होतो.’ शुक्रवारचा बाजार, चार वस्तू घेतल्या, घरी आलो. मराठीत नुसतं ‘काल म्हापशाला गेलो’ म्हटलं तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो: गेलास, मग? ‘होतो’ लावला की गोष्ट मिटते, माणूस परत आला हे कळतं. विद्यार्थी हा ‘होतो’ इमानदारीने इंग्रजीत उतरवतो आणि ‘आय हॅड गॉन’ तयार होतं. इंग्रजीत नेमकं उलट आहे. ‘आय वेंट टू म्हापसा यस्टरडे’ म्हटलं की गोष्ट पुरी होते. ‘हॅड गॉन’ म्हटलं की ऐकणारा थांबून राहतो: त्याआधी गेला होता, पण कशाच्या आधी?

म्हणजे दुसरा प्रश्न असा विचारायचा: या वाक्यात भूतकाळातल्या दोन घटना आहेत का, आणि जाणं त्यातलं आधीचं आहे का? ‘आम्ही धक्क्यावर पोचलो तोवर चोडणची फेरी गेली होती.’ पोचणं नंतर, फेरी जाणं आधी. इथे ‘द फेरी हॅड गॉन’ पाहिजेच. पण एकच घटना असेल आणि ‘काल’, ‘परवा’, ‘गेल्या चवथीला’ असा काळ सांगितलेला असेल, तर ‘होतो’ मराठीतच ठेवा आणि ‘वेंट’वर भागवा. काळ सांगितलेला नसेल आणि नुसता अनुभव सांगायचा असेल (‘दिल्लीला गेलो होतो एकदा’), तर ‘आय हॅव बीन टू दिल्ली वन्स’.

एकदा हे अंगवळणी पडलं की ‘गो’च्या तक्रारींचा मोठा वाटा आपोआप गळतो. बाकीच्या त्यामानाने लहान आहेत.

डिड आणि वेंट एकत्र

‘डिड यू वेंट?’, ‘ही डिड नॉट वेंट.’ मराठीत ‘गेलास का?’ आणि ‘तो गेला नाही’ या दोन्ही ठिकाणी भूतकाळ क्रियापदातच राहतो. प्रश्न आला, नकार आला, तरी ‘गेला’ हलत नाही. इंग्रजीत ‘डिड’ वाक्यात शिरला की भूतकाळ तो स्वतःकडे घेतो आणि क्रियापदाला मूळ रूपात सोडतो: ‘डिड यू गो?’, ‘ही डिड नॉट गो.’ वाक्यात ‘डिड’ दिसला की ‘वेंट’ला हात लावायचा नाही. यापलीकडे समजावण्यासारखं यात काही नाही, सवय तेवढी हवी.

मुलं मात्र इथे एक रास्त प्रश्न विचारतात. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ कसा? एक अक्षर सारखं नाही! याचं उत्तर असं की ‘वेंट’ हा मुळात ‘गो’चा नव्हेच. ‘वेंड’ नावाचं दुसरं एक क्रियापद होतं, वळणे किंवा वाट धरणे अशा अर्थाचं, आणि ‘वेंट’ हा त्याचा भूतकाळ. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा स्वतःचा भूतकाळही निराळ्याच धातूवरून आलेला होता, ‘एओडे’ असा. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ने त्याला हुसकून लावलं.

पण मुलांना हे सांगताना मी लगेच मराठीचा आरसा पुढे करतो. ‘जातो’चा भूतकाळ काय? ‘गेला’. त्यात तरी कुठलं अक्षर सारखं आहे? ‘जातो’ आला संस्कृत ‘याति’वरून आणि ‘गेला’ आला ‘गत’वरून, म्हणजे इथेही दोन वेगळे धातू एका चुलीवर जेवतात. कोकणीत तर ‘हांव वतां’ आणि ‘हांव गेलों’. घरात हे रोज बोलणाऱ्या मुलाने ‘गो-वेंट’ला विचित्र म्हणावं हे जरा अतीच. गंमत अशी की हे सांगितल्यावर ‘गोएड’ लिहिणारी मुलं ते लिहायचं सोडतात. नियम पाठ केल्याने तेवढा फरक पडत नाही.

निघताना ‘आय एम कमिंग’

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘जातो’ म्हटलं तर आजी तिथेच थांबवते आणि ‘येतो म्हण’ असं सांगते. ‘गेला’ हा शब्द माणूस वारल्यावरही वापरतात, त्यामुळे निरोप घेताना त्याला कोणी शिवत नाही. तेव्हा पाय बाहेर चाललेत आणि तोंड म्हणतंय ‘येतो’.

घरात हे शोभतं. कळंगुटच्या एखाद्या रेस्टॉरंटमध्ये पाहुण्याने पाणी मागितलं, आणि वेटर ‘आय एम कमिंग’ म्हणून पाठ फिरवून स्वयंपाकघरात शिरला, तर पाहुणा बुचकळ्यात पडतो. माणूस समोरून लांब जातोय आणि म्हणतोय मी येतोय! इथे मराठीला विचारायचा प्रश्न: हा ‘येतो’ म्हणजे ‘तुमच्याकडे येतोय’ की ‘जाऊन परत येतोय’? पहिला असेल, म्हणजे कोणी हाक मारली आणि तुम्ही निघालात, तर ‘आय एम कमिंग’ बरोबर. दुसरा असेल तर ‘आय विल बी राइट बॅक’. रात्री ड्यूटी संपवून घरी जाताना पात्रांवला, म्हणजे मालकाला, ‘येतो हां’ म्हणता त्यासाठी ‘आय एम ऑफ नाऊ’ किंवा सरळ ‘सी यू टुमॉरो’.

‘जाऊन येतो’ हेही याच घराण्यातलं. ‘आय विल गो अँड कम’ हे आपल्यापैकी कोणालाही कळतं, पण बाहेरून आलेल्या माणसाला ते दोन प्रवासांचं वर्णन वाटतं. ‘जेवून येतो’चं ‘आय विल ईट अँड कम’ तसंच. इंग्रजी परत येण्याकडे लक्ष देते, ‘आय विल बी बॅक आफ्टर लंच’, आणि जाण्याचा उल्लेखच करत नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढू नये की ‘येणे’ आणि ‘कम’ यांचं कधीच जमत नाही. उलट, बहुतेक ठिकाणी जमतं. ‘मी बाजारात चाललेय, येतेस?’ याचं ‘आय एम गोइंग टू द मार्केट, आर यू कमिंग?’ असंच होतं. ‘उद्या तुमच्याकडे येतो’ यात ऐकणाऱ्याच्या दिशेने जाणं आहे, आणि इंग्रजीही तिथे ‘कम’च घेते. ‘घेऊन जा’ आणि ‘घेऊन ये’ यांच्यामुळे तर ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’चा प्रश्नच मिटतो, ज्यावर इंग्रज मुलंसुद्धा अडखळतात. जिथे भाषा आपल्या बाजूने आहे तिथे उगाच घाबरायचं नाही.

(पेडण्याकडच्या बायका लेकीला ‘ये गो’ म्हणून हाक मारतात. इंग्रजी कानाला त्यात ‘गो’ ऐकू येतं आणि पोरगी तर धावत येते. हा बिघाड दुरुस्त करायची गरज नाही.)

‘टू’ कधी लावायचा

‘गो टू होम’, ‘गो टू देअर’, ‘गो टू अब्रॉड’. इथे मराठी फार छान काम देते. म्हापशाला, बाजारात, शाळेत, समुद्रावर: या शब्दांना ‘ला’, ‘त’, ‘वर’ असं काहीतरी जोडलेलं आहे, आणि इंग्रजीत तिथे ‘टू’ येतो. घरी, तिथे, इथे, बाहेर, वर, खाली: यांना ‘ला’ किंवा ‘त’ची गरज नाही, दिशा शब्दाच्या पोटातच आहे. इंग्रजीतही तेच. ‘गो होम’, ‘गो देअर’, ‘गो आऊट’, ‘गो अपस्टेअर्स’. ‘परदेशी’ म्हणत असाल तर ‘गो अब्रॉड’ही याच नियमात बसतं. ‘परदेशात’ म्हणत असाल तर युक्ती फसते, तेवढा एक शब्द वेगळा लक्षात ठेवा.

‘स्कूल’, ‘चर्च’, ‘हॉस्पिटल’ यांच्याआधी ‘द’ लावावा की नाही हा छोटा उपप्रश्न. मूल शिकायला शाळेत जातं तेव्हा ‘गोज टू स्कूल’. बाप फी भरायला त्याच इमारतीत जातो तेव्हा ‘गोज टू द स्कूल’. ज्या कामासाठी ती जागा आहे त्याच कामासाठी गेलात तर ‘द’ नको. आजारी पडून गेलात की भेटायला गेलात, यावर हॉस्पिटलचंही तसंच ठरतं, निदान ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत. अमेरिकन माणूस आजारी पडला तरी ‘द हॉस्पिटल’लाच जातो.

पोहायला, खरेदीला, फिरायला

‘गो फॉर स्विमिंग’, ‘गो फॉर शॉपिंग’ हे आपल्याकडे इतकं रुळलंय की जाहिरातींच्या फलकांवरही दिसतं. ‘खरेदीला’ आणि ‘खरेदीसाठी’ यांतला ‘साठी’ ‘फॉर’ होऊन आत शिरतो. साधी दुरुस्ती: ‘फॉर’च्या पुढे ‘इंग’वाला शब्द आला तर ‘फॉर’ काढून टाका. ‘गो स्विमिंग’, ‘गो शॉपिंग’, गरी घेऊन खाडीवर गेलात तर ‘गो फिशिंग’. ‘फॉर’ ठेवायचाच असेल तर पुढे ‘अ’ आणि नाम हवं: ‘गो फॉर अ स्विम’, ‘गो फॉर अ वॉक’, ‘गो फॉर अ ड्राइव्ह’.

पण ‘गो ईटिंग’, ‘गो स्टडीइंग’ असं कोणी म्हणत नाही. ही जोडी साधारणपणे बाहेर पडून केलेल्या करमणुकीच्या आणि हिंडण्या-फिरण्याच्या गोष्टींसाठी आहे. शॉपिंग त्यात कशी, असं चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचं, सामान शोधत बाजारात घुसलेला माणूस विचारील, आणि त्याचं बरोबर आहे. भाषेने ते ठरवलं तेव्हा माटोळी पाहिली नव्हती. जेवायला जात असाल तर ‘गो आऊट फॉर डिनर’, अभ्यासाला जात असाल तर ‘गो टू द लायब्ररी टू स्टडी’.

चालत जाणे, पळून जाणे, विसरून जाणे

ही तक्रार कोणी करत नाही, कारण चूक झाली आहे हेच कळत नाही. वाक्य जड होतं, एवढंच. ‘आय वेंट टू द बसस्टँड बाय रनिंग.’ ‘आय गो टू ऑफिस बाय वॉक.’

मराठी हालचालीचे दोन तुकडे करते. कसा, ते आधी: पळत, चालत, उडत, पोहत. दिशा कुठली, ते नंतर: गेला, आला. इंग्रजी ‘कसा’ हे क्रियापदातच भरून टाकते, आणि दिशेसाठी एखादा छोटा शब्द पुरतो. ‘पळत स्टँडवर गेला’ म्हणजे ‘ही रॅन टू द बसस्टँड’. ‘चालत ऑफिसला जाते’ म्हणजे ‘शी वॉक्स टू वर्क’. ‘गाडी चालवत काणकोणला गेलो’ म्हणजे ‘वी ड्रोव्ह टू काणकोण’. प्रश्न असा: मराठीत ‘-त गेला’ किंवा ‘-त आला’ आहे का? असेल तर ‘-त’आधीचा धातू तोच इंग्रजीचं क्रियापद करा आणि ‘गो’ला सुट्टी द्या. वाहन सांगायचं असेल तर ‘बाय बस’, ‘बाय फेरी’ चालतं. पायलटच्या, म्हणजे गोव्यातल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून गेलात तर ‘ऑन अ मोटरसायकल टॅक्सी’ म्हणा, कारण ‘आय वेंट विथ द पायलट’ ऐकून बाहेरचा माणूस तुम्हाला मोपा विमानतळावरच्या विमानात बसवील. 

दुसरा प्रकार ‘-ऊन गेला’चा. विसरून गेलो, संपून गेलं, निघून गेला, मरून गेलं, वाहून गेलं. इथला ‘गेला’ बहुतेकदा कुठेच जात नसतो. गोष्ट पुरती झाली, हातची सुटली, एवढंच तो सांगतो. ‘विसरून गेलो’चं फक्त ‘आय फरगॉट’, ‘संपून गेलं’चं ‘इट इज फिनिश्ड’ किंवा ‘इट हॅज रन आऊट’. खरोखर कोणी कुठे गेलं असेल तर इंग्रजी ‘अवे’ घालते: ‘पळून गेला’ म्हणजे ‘रॅन अवे’, ‘पुरात वाहून गेलं’ म्हणजे ‘वॉज वॉश्ड अवे’. आणि ‘केलं जातं’, ‘बोलली जाते’ यांतलं ‘जाणे’ तर नुसतं कर्मणी प्रयोगाचं हत्यार आहे. ‘गोव्यात मराठीही बोलली जाते’ यात कोणाचेही पाय हलत नाहीत: ‘मराठी इज ऑल्सो स्पोकन इन गोवा.’

गोइंग टू: पाय हलतात की बेत

‘आय एम गोइंग टू म्हापसा’ आणि ‘आय एम गोइंग टू स्लीप’. पहिल्यात पाय हलतात, दुसऱ्यात फक्त विचार. ‘टू’च्या पुढे जागेचं नाव असेल तर जाणं, क्रियापद असेल तर मराठीचा ‘-णार आहे’. खात्री करायची असेल तर तिथे भरभर बोलल्यावर होणारा ‘गोना’ बसवून बघा. ‘आय एम गोना स्लीप’ कोणीही म्हणतं, ‘आय एम गोना म्हापसा’ कोणीही म्हणत नाही. मुळात हा प्रयोग खऱ्याखुऱ्या जाण्यातूनच निघाला: काही करायला निघालेला माणूस. हळूहळू निघणं गळालं आणि बेत उरला. सतराव्या शतकात तो या नुसत्या बेताच्या अर्थाने वापरात आलेला दिसतो.

गोंधळ होतो तो ‘विल’शी. त्यासाठी मराठीतले दोन भविष्य वेगळे करा. आधीच ठरलेलं किंवा समोर दिसत असलेलं ‘-णार आहे’ म्हणजे ‘गोइंग टू’: ‘ढग बघ, पाऊस पडणार आहे’, ‘इट इज गोइंग टू रेन’. आत्ता, या क्षणी ठरलेलं म्हणजे ‘विल’. आणि इथे मराठी वर्तमानकाळ वापरते, तो सापळा: फोन वाजला, ‘थांब, मी घेतो.’ त्याचं ‘आय टेक’ नाही आणि ‘आय एम गोइंग टू टेक’ही नाही. ‘आय विल गेट इट.’

वेंट ऑफ: वाजला की बंद पडला?

हॉटेलात काम करणाऱ्यांनी निदान हा भाग तरी वाचावा, कारण इथे चूक महागात पडू शकते. मध्यरात्री पाहुणा रिसेप्शनला फोन करून म्हणतो, ‘द फायर अलार्म इज गोइंग ऑफ!’ आपल्या घरांत ‘ऑफ’ म्हणजे बंद. लाईट ऑफ कर, फॅन ऑफ कर. नवा मुलगा समजतो की अलार्म बंद पडतोय, आणि सकाळी इलेक्ट्रिशियन पाठवतो असं सांगून फोन ठेवतो. पाहुणा सांगत होता की अलार्म वाजतोय.

त्याच ‘गो ऑफ’चे दोन उलटे अर्थ कसे? वस्तूला विचारा: तू नेहमी गप्प असतेस की चालू असतेस? गप्प बसणारी वस्तू, म्हणजे अलार्म, बंदूक, फटाका, ‘वेंट ऑफ’ झाली की वाजते किंवा फुटते. दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या पोटातले फटाके पहाटे ‘गो ऑफ’ होतात. चालू असणारी वस्तू, म्हणजे दिवा, पंखा, एसी, ‘वेंट ऑफ’ झाली की बंद पडते. दूध किंवा मासे यांच्याबद्दल ब्रिटिश माणूस ‘गॉन ऑफ’ म्हणाला तर ते नासलेत, ताटलीतून ताबडतोब उचला.

नासण्यावरून आठवलं. ‘गो’च्या पुढे नुसतं विशेषण आलं तर बहुतेकदा गोष्ट बिघाडाकडे चाललेली असते: ‘गो बॅड’, ‘गो सावर’, ‘गो मॅड’, ‘गो ब्लाइंड’, टक्कल पडणाऱ्याचं ‘गो बॉल्ड’, भीतीने चेहरा पांढरा पडला तर ‘गो पेल’. मराठीत इथे ‘होणे’ किंवा ‘पडणे’ असतं, ‘जाणे’ नसतं, म्हणून आपल्याला ‘गो’ सुचत नाही आणि सगळीकडे ‘बिकेम’ घातला जातो. ते चूक नाही, पण पुस्तकी वाटतं. मात्र दमणं, म्हातारं होणं, आजारी पडणं यांना ‘गेट’ लागतं. याचं मला पटेल असं कारण कोणी दिलेलं नाही, पाठ करावं लागतं.

विजेबद्दल दोन ओळी, कारण पावसाळ्यात हे वाक्य रोज लागतं. ‘करंट गेला’ याचं ‘द पॉवर हॅज गॉन आऊट’ किंवा ‘द पॉवर इज आऊट’, म्हणजे ‘जाणे’ इथे दोन्ही भाषांत जुळतं. ‘करंट आला’ याचं ‘करंट केम’ मात्र नको, ‘द पॉवर इज बॅक’. आणि साहेब ऑफिसातून निघाले असतील तर फोनवर ‘सर हॅज लेफ्ट’ म्हणा, ते ‘निघाले’च्या सगळ्यात जवळ आहे.